कानाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा पोहणे, समुद्र आणि विमानप्रवास : अनुभव व सल्ला हवा आहे

प्रश्न : शांतप्रवाह, पुणे

नमस्कार. माझे वय ४७ आहे आणि मी पुण्यात एका शाळेत गणित शिकवते. दोन वर्षे डाव्या कानाने कमी ऐकू येत होते, फोन आपोआप उजव्या कानाकडे जात असे आणि रात्री सारे शांत झाले की डाव्या कानात बारीक शिट्टीसारखा आवाज चालू राही. वयाचा परिणाम असेल असे समजून मी ते अंगावर काढले. शेवटी एमआरआय केला तेव्हा तोलाच्या नसेवर २.४ सेंटिमीटरची गाठ दिसली. तिला व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात; बऱ्याच कागदपत्रांत अकूस्टिक न्यूरोमा हे जुने नावही आढळते. गाठ कर्करोगाची नसते, परंतु वाढत गेली तर मेंदूच्या देठावर दाब आणू शकते.

जानेवारीच्या शेवटी शस्त्रक्रिया झाली. कानामागचे हाड कोरून, अंतर्कर्णातून वाट काढत गाठ काढली आणि उरलेली पोकळी पोटावरच्या चरबीने भरली. या मार्गाने गेल्यास डाव्या कानाचे ऐकणे पूर्णपणे जाईल हे आधीच सांगितलेले होते आणि ते मी मनाने स्वीकारले होते. चेहऱ्याची नस वाचली, मात्र डावी पापणी अजून पूर्ण मिटत नाही.

आठव्या दिवशी घरी खाली पडलेले वर्तमानपत्र उचलायला वाकले, तर डाव्या नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब टपकले आणि घशाशी खारट चव आली. मेंदूभोवतीचे पाणी गळत असल्याचे निदान झाले. पुन्हा दाखल व्हावे लागले, पाठीच्या मणक्यात नळी घालून पाच दिवस पडून राहावे लागले आणि त्यानंतर गळती थांबली. सुट्टी देताना हातात दिलेल्या कागदावर जड उचलू नये आणि कान कोरडा ठेवावा एवढ्याच सूचना होत्या. वाकणे, शिंकणे, नाक शिंकरणे यांविषयी एक अक्षरही नव्हते, याचे मला आजही वाईट वाटते.

आता पंधरा आठवडे झाले आहेत. मी वयाच्या नवव्या वर्षापासून पोहते आहे. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर हिवाळ्यात होणाऱ्या समुद्री जलतरण स्पर्धेत मी तीन वेळा उतरले आहे आणि तारकर्लीला दोनदा स्कूबा केले आहे. जुलैमध्ये धाकट्या बहिणीकडे सिंगापूरला जायचे आहे. विमानात डोक्यात काही होईल का, ही धास्ती आहेच. पण त्याहून मोठा प्रश्न पाण्याचा आहे. मी पुन्हा केव्हा आणि कितपत पोहू शकेन? ज्यांनी हे प्रत्यक्ष अनुभवले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली आहे. त्यांना नेमके काय विचारावे हेही मला ठरवायचे आहे.

उत्तर १ : विहिरीकाठचा, नाशिक

ताई, माझी शस्त्रक्रिया सहा वर्षांपूर्वी झाली. गाठ उजवीकडे होती आणि डोक्याच्या मागच्या बाजूने वाट काढली होती, त्यामुळे उजव्या कानाचे थोडेफार ऐकणे शिल्लक राहिले; तोलाची नस मात्र गेली. विमानाबद्दल लिहिण्यासारखे माझ्याकडे फार नाही. दहाव्या आठवड्यात दिल्लीला गेलो, उतरताना कान थोडे दडले, जांभई दिल्यावर मोकळे झाले, एवढेच. पाण्याचा अनुभव मात्र मी मुद्दाम तपशीलवार सांगतो, कारण तो मला आधी कोणी सांगितला असता तर बरे झाले असते.

माझे बालपण जुन्नर तालुक्यात गेले आणि पोहणे मी विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून शिकलो. शस्त्रक्रियेनंतर सात महिन्यांनी गावी गेलो होतो. तोपर्यंत मी रोज चार किलोमीटर चालत होतो, गाडी चालवत होतो आणि चक्कर अशी कधी येत नव्हती. त्यामुळे आपण पूर्ण बरे झालो असे माझे ठाम मत झाले होते. पुतण्यांबरोबर विहिरीवर गेलो आणि नेहमीच्या सवयीने काठावरून सूर मारला.

पाण्यात शिरल्यावर दोन-तीन सेकंदांत मला वर कुठे आणि खाली कुठे हे कळेनासे झाले. उन्हाळ्यातले पाणी हिरवे आणि गढूळ होते, प्रकाश सगळीकडून सारखाच वाटत होता. मी वर येतो आहे असे समजून जोरात हात मारले आणि माझे डोके विहिरीच्या बांधीव भिंतीवर आपटले. चक्कर येत नव्हती, गरगरतही नव्हते. केवळ दिशा नाहीशी झाली होती. पुतण्याने हात धरून वर ओढले. तो तेथे नसता तर काय झाले असते याचा विचार मी आजही टाळतो.

पुढे तोलाच्या व्यायामांसाठी ज्या फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो त्यांनी याचे कारण समजावले. शरीर तोल तीन आधारांवर सांभाळते : अंतर्कर्ण, डोळे, आणि पायांचे तळवे, स्नायू व सांधे यांच्याकडून मिळणारी जाणीव. एका बाजूचा अंतर्कर्ण गेला की मेंदू उरलेल्या दोन आधारांवर भार टाकायला शिकतो, म्हणून जमिनीवर माणूस बरा दिसतो. पाण्यात शरीर तरंगत असते, पायाखाली काही नसते, म्हणून तिसरा आधार निघून जातो. पाणी गढूळ असेल किंवा अंधार असेल तर दुसराही जातो. मग उरतो तो एकच कान, आणि तोही डोके वेगाने फिरत असताना पुरा पडत नाही.

त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी कायमची लक्षात ठेवली आहे. पाण्याखाली दिशा हरवली तर हातपाय मारायचे नाहीत. थोडा श्वास सोडायचा आणि बुडबुडे ज्या दिशेने गालावरून सरकतात तिकडे जायचे. आता मी फक्त स्वच्छ पाण्याच्या, तळ दिसणाऱ्या तलावात, दिवसा आणि सोबत कोणी असतानाच पोहतो. सूर मारत नाही. विहिरीत पुन्हा उतरलो नाही.

उत्तर २ : कर्णवैद्य, कोल्हापूर

मी कान-नाक-घसा तज्ज्ञ आहे. येथे लिहिलेले आपल्या स्वतःच्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही, कारण आपले अहवाल मी पाहिलेले नाहीत. परंतु त्यांना काय विचारावे याची तयारी आपण यावरून करू शकाल.

सर्वप्रथम एक फरक स्पष्ट करतो, कारण कानाचे ऑपरेशन या एकाच शब्दाखाली लोक फार वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि एकाचा सल्ला दुसऱ्याला लागू पडत नाही. आपल्या शस्त्रक्रियेत कानाचा पडदा आणि बाहेरची कर्णनलिका सहसा शाबूत राहतात. अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका काढल्या जातात, मागची पोकळी चरबीने भरली जाते, आणि मध्यकर्णातून नाकाच्या मागच्या बाजूस उघडणारी कंठकर्णनलिका पुष्कळदा बंद केली जाते, कारण मेंदूचे पाणी नाकापर्यंत पोहोचण्याची वाट तीच असते. आपल्याला आठव्या दिवशी जी गळती झाली तिचाही मार्ग तोच होता.

यावरून विमानाचा प्रश्न बराच सोपा होतो. विमानाच्या प्रवासी कक्षातला दाब साधारणपणे ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. ८,००० फुटांना हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश होतो, म्हणजे बंदिस्त हवा जवळजवळ एक-तृतीयांशाने फुगते. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही आठवड्यांत कवटीच्या आत थोडी हवा अडकलेली असू शकते, आणि ती फुगणे धोक्याचे असते. त्या काळात विमान टाळायला सांगण्याचे हेच मुख्य कारण आहे. ही हवा बहुतेकांच्या बाबतीत दोन-तीन आठवड्यांत शोषली जाते. मात्र गळती चालू असेल तर नवी हवा आत शिरत राहू शकते. म्हणून आपल्या बाबतीत किती आठवडे झाले यापेक्षा गळती खरोखर थांबली आहे का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. पुढे वाकून बसल्यावर एका नाकपुडीतून पाण्यासारखे थेंब येतात का, झोपल्यावर घशाशी खारट लागते का, हे डॉक्टरांना नेमके सांगा. शंका असेल तर तो द्रव गोळा करून बीटा-२ ट्रान्सफेरिन ही तपासणी करता येते. हे प्रथिन साध्या शेंबडात सापडत नाही. ताप, मान आखडणे आणि तीव्र डोकेदुखी एकत्र आल्यास वेळेची वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

ज्या कानात हवेची पोकळीच उरलेली नाही, तो कान विमानात दडण्याचा प्रश्न येत नाही. लक्ष ठेवायचे ते उजव्या कानावर, कारण आता ऐकण्यासाठी आपल्याकडे तो एकच आहे. सर्दी असेल तर प्रवास पुढे ढकला. नाक दाबून जोरात फुंकू नका. गिळणे आणि जांभई देणे पुरेसे असते. शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंका.

आता पाणी. लोकांना विमानाची भीती वाटते आणि तलाव निरुपद्रवी वाटतो, पण आकडे उलटे सांगतात. पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे तीन मीटर खोल टाकीच्या तळाशी बुडी मारताना कानावर दाबाचा जो फरक पडतो, तो विमानाच्या साऱ्या प्रवासातल्या फरकापेक्षा थोडा अधिक असतो, आणि तोही काही सेकंदांत. पृष्ठभागावर पोहण्यात हा मुद्दा येत नाही. जखम पूर्ण भरलेली असेल, गळती नसेल आणि तोलाचे व्यायाम नीट चालू असतील, तर पृष्ठभागावरच्या पोहण्याला आपले डॉक्टर बहुधा हरकत घेणार नाहीत.

स्कूबाबद्दल मात्र मी आपल्याला स्पष्टपणे नको म्हणेन. याचे कारण डावा कान नाही, उजवा आहे. खाली जाताना दाब समान करण्यासाठी जोर लावावा लागतो, आणि तो चुकला तर अंतर्कर्णाचे नाजूक पटल फाटून ऐकणे कायमचे जाऊ शकते. दोन्ही कान चांगले असलेला माणूस हा धोका पत्करतो तेव्हा त्याच्याकडे दुसरा कान असतो. आपल्याकडे नाही. शिवाय जोर लावताना कवटीच्या आतला दाबही वाढतो, आणि एकदा गळती होऊन गेलेल्या ठिकाणी तो वाढवावा असे मला वाटत नाही.

पापणीचा मुद्दा दुय्यम समजू नका. विमानातली हवा अतिशय कोरडी असते आणि तलावातल्या पाण्यात क्लोरीन असते. न मिटणाऱ्या डोळ्याच्या बुबुळाला इजा झाली तरी कधी कधी वेदना उशिरा कळते. प्रवासात कृत्रिम अश्रूंचे थेंब दर तासाला, झोपताना मलम आणि पट्टी, आणि पाण्यात घट्ट बसणारा चष्मा ही काळजी घ्यावीच लागेल.

उत्तर ३ : कोरडा कान, ठाणे

डॉक्टरांनी फरक सांगितला ते फार बरे झाले. माझ्या कानात गाठ नव्हती, कोलेस्टिॲटोमा (मध्यकर्णात कातडी साचून होणारी वाढ) होता, पण घरात सगळे त्याला गाठच म्हणत. माझ्या शस्त्रक्रियेत कानामागची पोकळी बाहेरच्या नलिकेला जोडून कायमची उघडी ठेवली आहे. विमानात मला कधीही त्रास झाला नाही. परंतु थंड पाणी त्या पोकळीत शिरले की ते तोलाच्या नलिकेच्या अगदी जवळ पोहोचते आणि त्या क्षणी जग गरगर फिरते. शिवाय ओल राहिल्यास कान वाहू लागतो. म्हणून मी मापाप्रमाणे बनवलेला कानाचा बोळा आणि वर टोपी घालूनच पाण्यात उतरतो, डोके शक्यतो बुडवत नाही, आणि दर सहा महिन्यांनी पोकळी साफ करून घेतो. माझे नियम ताईंना लागू नाहीत आणि ताईंचे मला नाहीत, हे हा धागा वाचणाऱ्या इतरांनी कृपया लक्षात घ्यावे.

उत्तर ४ : दर्यावर्दी, मालवण

मी बारा वर्षे मालवण आणि तारकर्ली परिसरात पर्यटकांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगसाठी पाण्यात नेतो. डॉक्टरांच्या मताला माझा पूर्ण पाठिंबा आहे आणि व्यवसायाच्या बाजूने त्यात थोडी भर घालतो.

पाण्यात उतरण्यापूर्वी जो आरोग्याचा अर्ज भरून घेतला जातो, त्यात कानाची शस्त्रक्रिया, ऐकण्यातला दोष आणि तोलाचा त्रास यांविषयी प्रश्न असतात. यांपैकी काहीही असेल तर डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. दुर्दैवाने किनाऱ्यावरच्या गर्दीत हा अर्ज कधी कधी न वाचताच सही करून घेतला जातो, आणि पर्यटकही परत पाठवतील या भीतीने खरे सांगत नाहीत. ताई, आपण खरे लिहाल याची मला खात्री आहे, आणि आपल्यासारख्या व्यक्तीला मी स्वतः खाली नेणार नाही. आपल्याकडचे पाणी वर्षातले बरेच दिवस गढूळ असते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास चांगल्या दिवशी काही मीटर दिसते, पण वारा फिरला किंवा भरतीने वाळू उचलली की हातभर अंतरावरचेही दिसत नाही. वरच्या काकांनी विहिरीत जे अनुभवले ते समुद्रात लाटांसह येते.

एका कानाने ऐकणाऱ्यांची आणखी एक अडचण मी अनेकदा पाहिली आहे. आवाज कोणत्या बाजूने येतो हे त्यांना कळत नाही. पृष्ठभागावर पोहताना मागून होडी किंवा जेट स्की येत असेल, तर आवाज ऐकू येऊनही मान चुकीच्या दिशेला वळते. म्हणून समुद्रात उतरायचे झाले तर बोटींची ये-जा नसलेली जागा निवडावी, मागे ओढता येणारा भडक रंगाचा फुगा कमरेला बांधावा आणि सोबतची व्यक्ती आपल्या ऐकू न येणाऱ्या बाजूला ठेवावी. हाक मारून काम भागणार नाही. खांद्याला स्पर्श करून थांबवायचे हे आधीच ठरवून घ्यावे.

स्नॉर्केल वापरायचे असेल तर आधी घरी बादलीत तोंड बुडवून पाहा. चेहऱ्याची एक बाजू कमजोर असेल तर ओठ नळीभोवती घट्ट बसत नाहीत आणि पाणी तोंडात शिरते. आणखी एक विनंती : मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत येथील जलक्रीडा पावसामुळे बंद असतात, तेव्हा त्याआधी एकदा समुद्र करून घ्यावा अशी घाई करू नका. समुद्र हिवाळ्यातही येथेच असेल.

शांतप्रवाह, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. आपली उत्तरे छापून मी डॉक्टरांकडे नेली होती आणि त्यांनी ती शांतपणे वाचली.

त्यांनी मला दहा मिनिटे पुढे वाकवून बसवले, नाकातून काही आले नाही. तरीही खात्रीसाठी एक स्कॅन करवून घेतला. कवटीत हवा नाही आणि चरबीचा भराव जागेवर आहे. सिंगापूरच्या प्रवासाला त्यांनी लेखी परवानगी दिली आहे. तलावात पृष्ठभागावर पोहायला आतापासून हरकत नाही, पण सूर, बुडी आणि भिंतीपाशी कोलांटी घेऊन वळणे नाही. स्कूबाचा विषय त्यांनी एका वाक्यात संपवला. यंदाच्या समुद्री स्पर्धेला नाही म्हणाले, पुढच्या वर्षीचे तेव्हा पाहू असे म्हणाले. मला रडू आले, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पण बुडबुड्यांचा आणि विहिरीचा अनुभव वाचल्यानंतर मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

काल सकाळी सात वाजता माझ्या जुन्या प्रशिक्षकांबरोबर तलावात उतरले. आधी छातीइतक्या पाण्यात भिंतीला हात लावून उभी राहिले आणि डोळे मिटले. मला मी अगदी सरळ उभी आहे असे वाटत होते. सरांनी खांद्याला हात लावला तेव्हा कळले की मी पूर्ण डावीकडे कलले होते. मग डोळे उघडे ठेवून, तळावरच्या काळ्या रेघेकडे पाहत, ब्रेस्टस्ट्रोकने दोन वेळा आडवे अंतर कापले. फ्रीस्टाइलमध्ये श्वासासाठी मान वळवताच रेघ हलते आणि पोटात ढवळते, म्हणून ते सध्या थांबवले आहे. तोलाचे व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी जमिनीवर मान वळवत चालण्याचा सराव त्यासाठीच वाढवला आहे. डाव्या डोळ्याला चष्म्याआड काही झाले नाही.

विमानाची तिकिटे ११ जुलैची काढली आहेत. डावीकडच्या रांगेतली खिडकीजवळची जागा घेतली आहे, म्हणजे ऐकू न येणारा कान भिंतीकडे राहील आणि शेजारी बसलेल्या मुलाचे बोलणे मला ऐकू येईल.